नख अडलं तर

१

गाडी पुसताना फडकं गोल फिरवायचं नाही. सरळ, पुढून मागे, एकदाच. परत त्याच जागी यायचं असेल तर फडक्याची घडी बदलायची. हा नियम मी इतक्यांदा ऐकलाय, की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बाकीचेही ऐका. बादल्या दोन, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं. हातमोजा आधी नुसत्या पाण्यात खळबळून मग साबणात बुडवायचा, नाहीतर गाडीवरची वाळू साबणात आणि साबणातली वाळू परत गाडीवर. नवं फडकं आणलं की त्याचं लेबल कात्रीने कापून टाकायचं, कारण लेबलाच्या टोकानेसुद्धा चरा उठतो. फडकं जमिनीवर पडलं की संपलं. ते गाडीच्या रंगाला परत लावायचं नाही, चाकांना घ्यायचं. आणि गाडीला हात लावण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून फळीवरच्या स्टीलच्या वाटीत ठेवायचं.

हे नियम ह्यांचे. छत्तीस वर्षं आमचा संसार झाला, त्यातली शेवटची अकरा वर्षं घरात सवत होती. काळी, चार चाकांची.

"काळीच कशाला घेतलीत?" मी विचारलं होतं. "पांढरी घेतली असती तर चरा दिसला तरी नसता."

"म्हणूनच काळी," हे म्हणाले.

ह्यांचं आयुष्य चष्म्याच्या काचा घासून देण्यात गेलं. डोळ्यांना न दिसणारा चरा ह्यांच्या बोटाला कळायचा. गोल पुसलं की काळ्या रंगावर उन्हात बारीक बारीक गोल रेघा दिसतात, कोळ्याचं जाळं असावं तशा. त्याला हे जाळंच म्हणायचे. शेजारपाजारच्या गाड्यांकडे बघून हळहळायचे. "बघ, काय जाळं करून ठेवलंय बिचारीचं."

"माझ्याकडेही बघत जा कधी," मी म्हणायची.

"तुला काय झालंय? तू आहेस की चकचकीत."

असे होते. ह्यांना जाऊन आता वर्ष होईल.

२

त्या रविवारचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

मी सकाळी बाजारातून आले. हे गॅरेजमध्ये गाडी धूत होते, शटर वर होतं, म्हणून मीही तिथूनच आत शिरले. दोन्ही हातांत पिशव्या, आणि चपलेचा पट्टा निसटला. पट्टा लावायला म्हणून मी एक पिशवी गाडीच्या बॉनेटवर टेकवली. क्षणभरच. उचलताना पिशवीचं लोखंडी बक्कल पत्र्यावरून कर्र करत गेलं.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातमोजा काढला, वाकले, मान तिरपी करून बॉनेटच्या कडेने बघितलं आणि अंगठ्याचं नख त्या रेघेवरून आडवं फिरवलं. नख सुळकन गेलं तर चरा वरच्या थरातला, घासला की जातो. नख अडलं तर खोल. मग त्याच्या नादी लागायचं नाही, तो घेऊन जगायचं. तोही ह्यांचाच नियम.

"नख अडतंय," हे म्हणाले. "आता हे राहणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माणसापेक्षा पत्रा मोठा झालाय तुम्हाला," मी म्हटलं. "उद्या मी मेले तरी आधी हिला पुसाल आणि मग मला उचलाल." आणि तरातरा आत निघून आले.

चहा टाकला. तेवढ्यात गॅरेजमध्ये बादली पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, राग काढतायत. आपटा, म्हटलं, अजून एक आहे, तीही आपटा. चहा दोन कप केला. ह्यांच्या कपावर बशी झाकली, आणि माझा कप मी शांतपणे, पूर्ण प्यायले. मुद्दाम. वीस मिनिटं मी स्वयंपाकघरात बसून होते.

मग गेले, तर हे पुढच्या चाकापाशी पडलेले. नळ तसाच चालू होता.

डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर," आणि थांबले. त्यांचं ते वाक्य मी रोज पूर्ण करते.

वाटीतली अंगठी आणि घड्याळ मला चार दिवसांनी दिसलं. घड्याळ चालू होतं. हे अंगठीशिवायच गेले. मी वाटीला हात लावला नाही.

३

त्यानंतर दोन महिने मी गॅरेज उघडलं नाही. मग आमची लेक आली. तिला आम्ही लाडाने ठकी म्हणतो. पस्तिशीला टेकली तरी ठकीच. ती म्हणाली, "आई, तू चालवत नाहीस, मी इथे राहत नाही. विकून टाकू या."

"आधी धुऊन तर घेऊ," मी म्हटलं. "असल्या धुळकट गाडीला कोण विचारणार?"

ती गेल्यावर रविवारी मी दोन बादल्या भरल्या. नियम तोंडपाठ, पण हात माझे. ओटा पुसून पुसून तयार झालेले. मी म्हणते सरळ, हात म्हणतात गोल. दुपारी साडेचारला आमच्या गॅरेजमध्ये शटरखालून थेट ऊन येतं. त्या उन्हात बघितलं, तर बॉनेटपासून डिकीपर्यंत नुसतं जाळं. अकरा वर्षांची मेहनत मी एका सकाळीत घालवली होती. पालथ्या बादलीवर बसून मी हमसून हमसून रडले. "अहो, बघा," म्हटलं, "झालं सत्यानाश करून."

दुसऱ्या दिवशी साडेचारला शटर उघडलं. जाळं नव्हतं. गाडी अशी काळी की माझ्या भुवईचा पांढरा केस त्यात दिसला. बॉनेटवरची बक्कलाची रेघ, बोटभर लांब, तेवढी होती.

मी एकतीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, ही माझी शिस्त. तेव्हा मी आधी डोळे तपासून घेतले. डोळे ठीक. मग उन्हाचा कोन. घड्याळ लावून त्याच वेळेला तीन दिवस बघितलं. मग प्रयोग केला. पेट्रोलच्या झाकणापाशी कोरड्या फडक्याने दाबून दहा गोल फिरवले, मोबाइलवर फोटो काढला, जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरवली, शटरला कुलूप घातलं, घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराला कुलूप घातलं, दोन्ही किल्ल्या कमरेला.

मंगळवारी गोल नव्हते. फोटोत होते, गाडीवर नव्हते. पावडर जशीच्या तशी. एक पाल तेवढी येऊन गेली होती.

आणि आवाजाचं सांगायचं राहिलं. माझी झोपायची खोली आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे. दुपारी जेवून मी आडवी झाले, की पलीकडे आधी टिंग असा वाटीचा आवाज. एकदा अंगठीचा, एकदा घड्याळाचा. मग फस्स. फस्स. सरळ, सावकाश. मध्ये जरा शांतता, घडी बदलण्यापुरती. पुन्हा फस्स.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. भिंतीला पाठ लावून मी पडून राहिले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला झोप लागली.

४

मग मला चटकच लागली. आता लाज वाटते सांगायला, पण मी गाडी मुद्दाम खराब करायला लागले. सोमवारी डावं दार, बुधवारी छप्पर, शुक्रवारी डिकी. फडकं झटकायचं, गोल गोल फिरवायचं, वर बोलायचं, "घ्या, आज जरा जास्त काम आहे तुम्हाला." दुपारी भिंतीला पाठ लावून ऐकायचं. छत्तीस वर्षांत मी ह्यांना गाडीवरून टोमणे मारले, आणि आता त्याच गाडीच्या जिवावर मला नवरा मिळत होता.

एकदा आवाज चालू असताना मी दार उघडलं. कोणी नव्हतं. बॉनेटवर फडकं होतं, चौघडी घातलेलं. हात लावला तर दमट आणि कोमट.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "वहिनी, गाडी आहे की आरसा? कुणाकडून करून घेता?"

"आहे एकजण," मी म्हटलं. "घरचाच."

ठकी फोनवर विकायचं काढायची. मी आज-उद्या करत होते. शेवटी तिने तिकडूनच एक पेंटर पाठवला, गाडीची किंमत काय येईल ते बघायला. ह्यांच्या ओळखीचाच, हे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने रंगाची जाडी मोजायचं तळहाताएवढं यंत्र पत्र्याला टेकवलं, आकडा वाचला, परत टेकवलं. सगळ्या गाडीभर तसाच फिरला.

"काकू, कोण घासतंय ही?"

"का?"

"थांबवा त्याला. काम एक नंबर आहे, काकांसारखंच. पण वर थरच उरला नाही. अजून दोन-तीन वेळा घासली तर खालचा रंग निघेल, मग पत्रा."

"पण चरे तर भरून निघाले ना?"

उस्ताद हसला. "चरा कुठे भरतो काकू? चरा म्हणजे खड्डा. आपण काय करतो, आजूबाजूची सगळी जमीन खड्ड्याएवढी खाली आणतो. मग खड्डा दिसत नाही. खड्डा गेला असं नाही, बाकीचं गेलं." मग तो बक्कलाच्या रेघेवर वाकला, नख फिरवलं, अडलं. रेघेच्या भोवती यंत्र टेकवून बघत राहिला. "आणि ह्याच्याभोवती तर सगळ्यात पातळ. हे जाणार नाही, हे काकांच्या शाळेतल्या माणसाला कळायला हवं. तरी कोणीतरी फार मेहनत घेतलीय ह्याच्यावर."

तो गेल्यावर मी त्या रेघेवर हात ठेवून उभी राहिले. नख अडलं तर सोडून द्यायचं म्हणणारा माणूस माझ्या एका रेघेपायी स्वतःचा नियम मोडत होता. मला भडभडून आलं.

५

त्या दिवसापासून मी गाडीला बोट लावलं नाही. धुणं बंद. खराब करणं बंद. दोन-तीन वेळा म्हणजे दोन-तीन वेळा, त्या मला पुरवून वापरायच्या होत्या. माझ्या वाढदिवसाला एक, असा हिशोब मी केला होता.

पण दुपारचा आवाज थांबला नाही.

टिंग. टिंग. फस्स. गाडीवर तर काहीच नव्हतं. मी रोज साडेचारला जाऊन बघायची, तर गाडीवर धुळीचा पातळ थर, कोणीही हात न लावलेला. मग हे पुसतायत काय? पहिला आठवडा आवाज भिंतीपलीकडून येत होता, एवढं नक्की सांगते. दुसऱ्या आठवड्यात मला ते तितकं नक्की सांगता येईना. मला झोप मात्र छान लागायची. जड, स्वप्नांशिवाय.

एके दिवशी उठले तर उशीवर फडकं होतं. चौघडी घातलेलं, लेबल कापलेलं. दमट.

मीच आणलं असेल, म्हटलं. वय झालं, विसरते माणूस. फडकं धुऊन दोरीवर टाकलं, आणि टाकताना डावं मनगट उन्हात आलं.

तिथे भाजल्याचा डाग होता. लग्नाला महिना झाला असेल, मी ह्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते, हे मागून आले आणि कानाशी "भो" केलं. इस्त्री मनगटावर. मग रात्रभर फुंकर घालत बसले होते, अपराधी तोंड करून. छत्तीस वर्षं तो डाग मी बांगड्यांच्या मागे मिरवला. ठकी लहानपणी तोच डाग दाखवून म्हणायची, "भोची गोष्ट सांग."

डाग नव्हता. कातडी गुळगुळीत, चकचकीत, आणि इतकी पातळ की खालची निळी शीर स्पष्ट दिसत होती.

मी तिथेच खाली बसले. घाबरू नकोस, म्हटलं, गोष्ट आठव. मी इस्त्री करत होते. शर्ट. शर्ट कुठल्या रंगाचा? ही गोष्ट मी हजारदा सांगितलेली, त्यात शर्टाचा रंग असायचा, त्यावरून काहीतरी विनोदही होता. मला रंग आठवेना. खोलीला खिडकी होती की नव्हती, तेही आठवेना. कोणीतरी मागून आलं, एवढं होतं.

६

त्याच आठवड्यात ठकीचा फोन आला. "आई, बाबा गाडी पुसताना कुठलं गाणं गुणगुणायचे गं? सकाळपासून ओठांवर आहे आणि शब्द येत नाहीयेत."

"हे गुणगुणायचे?" मी विचारलं.

ती हसली. मग तिनेच चाल गुणगुणून दाखवली, लांबलचक, दोन कडवी.

"छान आहे," मी म्हटलं. "कुणाचं आहे?"

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "तूच चिडवायचीस ना त्यांना त्यावरून. बेसूर म्हणून. तू बरी आहेस ना? हल्ली रडतही नाहीस तू. मला आधी बरं वाटलं होतं."

फोन ठेवून मी चहा टाकला. आणि साखर ढवळताना माझ्या लक्षात आलं की मी त्या रविवारचा विचार करतेय, आणि मला काहीच होत नाहीये. बादली पडली, मी चहा प्यायले, वीस मिनिटं गेली. दुसऱ्या कोणाच्या तरी घरचं असावं तसं. छातीत काही अडकत नव्हतं. मला बरं वाटत होतं.

आणि मला दरदरून घाम फुटला.

मी कागद घेतला नाही, काही नाही. ओट्याला धरून उभी राहिले आणि एकेक आठवायला लागले. ह्यांचे नियम सगळे आठवत होते. शब्द आठवत होते, पण ते कुठल्या आवाजात म्हटलेले, ते नाही. हे जेवताना कुठल्या बाजूला बसायचे? झोपताना? ठकी झाली तेव्हा हे मला काय म्हणाले होते? म्हणाले होते काहीतरी. मी ते वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, इतकं ते माझं होतं. आता ते मलाही माहीत नव्हतं.

हे माझी रेघ घालवत होते. ती एकच रेघ, त्या रविवारची. बायकोने आयुष्यभर ती घेऊन जगू नये म्हणून, मन लावून, रोज दुपारी. आणि रेघेभोवतीचे हेच पुसले जात होते. उस्ताद म्हणाला तसंच. खड्डा जात नव्हता, बाकीचं जात होतं. अजून दोन-तीन दुपारी, की मी समाधानी म्हातारी होणार होते आणि फोटोतल्या माणसाकडे बघून विचारणार होते, हे कोण?

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले नाही. चार वाजता गॅरेजमध्ये गेले. शटर वीतभर वर केलं. ऊन अजून यायचं होतं, नुसता उजेड जमिनीवरून आत सरकला. पालथी बादली ओढून गाडीच्या दारासमोर बसले, फळीकडे पाठ करून. दाराच्या काळ्या रंगात मी दिसत होते. गुडघे, हात, चेहरा.

"अहो," म्हटलं, "आलेय मी."

मागे वाटी वाजली. टिंग. मग दुसऱ्यांदा टिंग.

मागे वळू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मान वळली नाही. मी दारात बघत राहिले. माझ्या खांद्यामागे कोणीतरी वाकलेलं होतं. निळा अॅप्रन. शर्टाची बटणं गाडीला लागू नयेत म्हणून हे घालायचे तो. मान तिरपी केलेली, पृष्ठभाग कडेने बघतात तशी. चेहरा माझ्या डोक्याआड होता.

मानेवर फडकं टेकलं. दमट, कोमट. वरून खाली, सरळ, एकदाच.

फस्स.

फार बरं वाटलं. काय सांगू, आईने लहानपणी न्हाऊ घातल्यावर पाठ पुसावी तसं. आणि माझ्यासमोर एक मोठी काळी चकचकीत वस्तू होती, आणि ती कशासाठी असते ते मला कळेना. तिला हात लावू नये, एवढं माहीत होतं. घडी बदलण्याची शांतता झाली. फडकं परत मानेवर येणार होतं.

"थांबा," मी ओरडले. कुणावर ओरडतेय ते नीट माहीत नसताना ओरडले. "आधी नख लावून बघा!"

फडकं टेकलं नाही.

"तुम्ही वरवरचं पुसताय. चहा प्यायले, वीस मिनिटं बसले, ते सगळं वरचं. ते मी ठकीलाही सांगितलंय, डॉक्टरांनाही सांगितलंय. खालचं कुणालाच सांगितलेलं नाही. बादली पडली त्याच्यानंतर तुम्ही हाक मारली होती. अगं, म्हणालात. एकदाच. बारीक आवाजात. मी ऐकली होती. ऐकू आली नाही असं नव्हतं, अहो. मला वाटलं, आता गोड बोलून बोलावतायत, आणि मी मुद्दाम गेले नाही. मी कप उचलला आणि चहा प्यायले."

मानेच्या मणक्यावर नख टेकलं. अंगठ्याचं, रुंद. हलकेच खाली निघालं. सुळकन चाललं होतं. मी डोळे घट्ट मिटले आणि ती हाक धरून ठेवली. तेवढीच उरली होती माझ्याकडे ह्यांच्या आवाजातली. अगं. अगं. अगं.

दोन खांद्यांच्या मध्ये नख अडलं.

परत वर गेलं. परत खाली आलं. तिथेच अडलं.

"अडतंय ना?" मी रडत म्हटलं. "मग सोडून द्या. तुमचाच नियम आहे. हे राहणार. राहू दे मला हे. ह्याच्यात तुम्ही आहात."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या मागे जमिनीवर काहीतरी पडलं, ओलसर, हलकं. फडकं. पडलेलं फडकं परत रंगाला लावायचं नसतं.

वाटी वाजली. एकदाच.

साडेचारचं ऊन शटरखालून आत आलं आणि दार उजळलं. दारात मी होते, बादली होती, फळी होती. उठून फळीपाशी गेले. वाटीत घड्याळ होतं. अंगठी नव्हती.

८

दुपारी आता भिंतीपलीकडे काही वाजत नाही. गाडी मी विकली नाही. दर रविवारी धुते, गोल गोल, आणि जाळं पुढच्या रविवारपर्यंत तसंच राहतं. ठकी आली होती. "आई, पार रया गेली गं गाडीची," म्हणाली. राहू दे, मी म्हटलं.

गेलेलं परत आलं नाही. मनगट गुळगुळीतच आहे. ठकीने ते गाणं मोबाइलवर म्हणून पाठवलंय, ते मी नवीन गाणं शिकावं तसं शिकतेय, दोन कडवी आली आहेत. शर्ट कुठल्या रंगाचा होता, हेही तिलाच विचारलं. पिवळा, म्हणाली, आणि विनोदही सांगितला. मी हसले, तिच्यासाठी.

हाक तेवढी शाबूत आहे. रविवारी सकाळी मी चहा टाकते, दोन कप, आणि पहिला घोट घ्यायच्या आत ती येते. अगं. बारीक, एकदाच, ह्यांच्याच आवाजात. गॅरेजमध्ये कोणी नसतं, माहीत आहे मला. तरी कप तसाच ठेवून मी पळत जाते.